दुसरा हातोडा

मिस्त्रीची पेन्शन नामंजूर झाली ती तपासणीला आलेल्या साहेबाच्या कानांमुळे. डोळ्यांमुळे झाली असती तर लोहारणीला एवढं लागलं नसतं. पण साहेबानं डोळ्यांनी काही बघितलंच नव्हतं. तो रस्त्यावर उभा राहिला, भट्टीतून येणारा आवाज ऐकला, वाटेवरच्या एकदोघांना विचारलं आणि गाडी वळवून निघून गेला.

हे तिला कळलं कचेरीच्या खिडकीपाशी. खिडकी तिच्या हनुवटीला लागेल एवढी उंच होती आणि आतला कारकून खुर्चीत खाली बसलेला, त्यामुळे तिला त्याचं फक्त टक्कल दिसत होतं. टक्कल म्हणालं, "अर्जदार कामधंदा करताना आढळला."

"कोण आढळला?"

"अर्जदार. म्हणजे तुमचे मालक."

"अहो, त्यांना आंघोळ मी घालते. सदऱ्याची बटणं मी लावते. उजवं अंग लाकूड होऊन पडलंय त्यांचं. ते कुणाला आढळले?"

"बाई, माझ्यावर ओरडून काय उपयोग? साहेबांना दोन हातोड्यांचा आवाज आला. एक जड, एक हलका. जड तुमचा धरला, तर हलका कुणाचा?"

हलका हातोडा मिस्त्रीचाच होता. त्यात खोटं काय होतं?

तिच्याबरोबर न्हावी आला होता. गावात कुणाचाही अर्ज असो, तो न्हाव्याच्या अक्षरात असायचा. डोकी आणि अर्ज, दोन्हींची भादरणी त्याच्याकडेच. त्यानं खिडकीत मान घालून पुन्हा तपासणीची काही सोय आहे का ते विचारलं. आहे म्हणाले. अर्ज पुन्हा करायचा, साहेब या वेळी घरी येतील, समोर बसून बघतील. कधी येतील ते मात्र सांगता येणार नाही.

"वहिनी, चला," न्हावी म्हणाला. "सगळं माझंच चुकलं."

"तुमचं काय चुकलं?"

"डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी मी मिस्त्रीची दाढी इतकी गुळगुळीत केली की डॉक्टर म्हणाले, तब्येत छान आहे!"

ते खरं होतं. तिनंही त्या दिवशी इस्त्रीचा सदरा काढला होता. चार माणसांत जायचं तर गबाळं कसं जायचं? आणि मिस्त्री तर त्याहून वरताण. नाव पुकारल्यावर भिंतीला धरून स्वतःच उभा राहिला आणि डावा हात पुढे करून डॉक्टरांशी हस्तांदोलन केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी डॉक्टरांनी कागद दिला होता. माशी शिंकली ती पुढे, रस्त्यावर.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीच्या दांडीला उजव्या हातानं धरू बघत होती. हात खांद्याच्या वर जाईना. तिनं डावा लावला.

खांद्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? वेणी घालताना हात वर जात नाही म्हणून ती हल्ली केसांची नुसती गाठ मारायची. डॉक्टरांनी तिनं न सांगताच एकदा तिच्या खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले होते, बाई, हा हात घण मारत राहिला तर कायमचा धरेल. पेन्शन आली की ती घण ठेवणार होती. विळे-खुरप्यांना धार लावून देणं, कुऱ्हाडीला दांडे बसवणं, असलं हलकं काम करून दोघांचं भागलं असतं. पेन्शन आली नाही तर खांदा जाईल, खांदा गेला की भट्टी जाईल, आणि भट्टी गेली की चुलीचं काय सांगावं? एवढा साधा हिशेब होता आणि तो त्या टकलाला कळत नव्हता.

लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून ती घण मारत होती. मिस्त्री डाव्या हातात सांडशीनं तापलेलं लोखंड धरायचा, उजव्या हातात लहान हातोडा. हातोड्यानं लोखंडावर टिचकी मारली की समजायचं, इथे. घण तिथे पडायचा. टिचकी पुढे सरकली की घण पुढे. आणि हातोडा लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजला, टिण्ण, की बास. घण खाली. ठिणग्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून घण उतरताना ती डोळे मिटून घ्यायची. तिचं सगळं काम कानावर चाले. कुठे मारायचं आणि कधी थांबायचं हे तिनं आयुष्यात ठरवलंच नव्हतं. "आमचं भांडण होत नाही," ती बायकांना सांगायची, "कारण बोलणंच होत नाही. दिवसभर टिणटिण."

मग एका सकाळी भाता मारता मारता मिस्त्रीच्या हातून सांडशी पडली. ती उचलायला तो वाकला तो वाकलेलाच राहिला. उजवं अंग गेलं आणि जीभही गेली. शब्द बाहेर येत, पण तोंडात घास असल्यासारखे. डाव्या हातात उरली ती ताकद शेंग फोडायलाही पुरली नसती. पण दोन महिने खाटेवर काढल्यावर तो भिंत धरत भट्टीत आला, ऐरणीजवळच्या आपल्या ओंडक्यावर बसला आणि डाव्या हातानं लहान हातोडा उचलून ऐरणीवर वाजवला. टिण्ण. लोहारीण स्वयंपाक टाकून धावत आली. माणूस दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट बोलला होता.

तेव्हापासून असं ठरून गेलं. ज्याचं काम असेल ते गिऱ्हाईक सांडशी धरी. घण ती मारी. मिस्त्री टिचक्या देई, कुठे ते सांगे, बास म्हणे. सुरुवातीला गिऱ्हाइकं कचरली. बाईनं ठोकलेला फाळ जमिनीत टिकेल का? तेव्हा तिनंच सांगायला सुरुवात केली: "काम मिस्त्रीच करतात हो, मी नुसती घणाची धनी." गावानंही ते उचललं. सगळं डोळ्यांसमोर दिसत असून लोक म्हणत, मिस्त्रीच्या हातचा विळा, मिस्त्रीच्या हातची कुऱ्हाड. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तीच मूठ गळ्याशी आली होती.

घरी आली तेव्हा मिस्त्री ओंडक्यावरच बसला होता. त्यानं मान वर करून विचारलं. तिनं भांड्यांवर राग काढला.

"नाही म्हणाले. तुम्ही धडधाकट आहात. जा, उद्यापासून नांगर धरा!"

मिस्त्रीच्या तोंडाचा डावा कोपरा हसला. तिला हसू आलं नाही. बाहेर नांगरटीचे दिवस सुरू झाले होते, ऊन मी म्हणत होतं आणि भट्टीच्या दाराशी बोथटलेल्या फाळांचा ढीग पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खोकल्या आला. म्हातारा पन्नास पावलांवरून खोकत यायचा म्हणून हे नाव. त्याला ते माहीत होतं आणि चालत होतं. आपला फाळ त्यानं भट्टीत घातला, भाताही स्वतःच मारला. फाळ लाल होऊन पिवळ्यावर आला तसा मिस्त्रीनं मान हलवली. खोकल्यानं सांडशीनं तो ऐरणीवर घेतला. टिचकी. घण. टिचकी. घण. प्रत्येक घावाला लोहारणीच्या खांद्यातून एक कळ कोपरापर्यंत जात होती आणि तिच्या डोक्यात तो खिडकीतला प्रश्न घुमत होता, हलका कुणाचा.

टिण्ण झालं. तिनं घण टेकवला आणि फाळ पुन्हा भट्टीत जायच्या आत विचारलं, "मामा, मागे साहेबाला तुम्ही काय सांगितलंत?"

"कुठला साहेब?"

"गाडीवाला. रस्त्यावर भेटलेला."

"हां, तो. मला म्हणाला, लोहार काम करतो का? म्हटलं, करतो म्हणजे? पंचक्रोशीत असा लोहार नाही."

"सांडशी कुणी धरली होती त्या दिवशी?"

"मी."

"घण?"

"तू."

"मग यांनी काय केलं?"

खोकल्याला खोकला आला. तो नेहमीचा नव्हता. "सूनबाई, परक्या माणसापुढे आपल्या माणसाचा मान ठेवायचा का घालवायचा?"

"मान मीठ लावून खाऊ का मी? तुम्ही मान ठेवलात आणि आमची पेन्शन गेली!"

"मला काय ठाऊक तो पेन्शनवाला आहे म्हणून? मला वाटलं, त्याला फाळ करून हवाय."

"आता पुन्हा आला तर खरं सांगायचं. हे काही करत नाहीत. नुसते बसून असतात. यांच्यानं काही होत नाही. असं सांगायचं, सगळ्यांनी. कळलं?"

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण हे कुठे उभं राहून बोललो. मिस्त्री तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो भट्टीतल्या निखाऱ्यांकडे बघत होता. त्यानं हातोडा उचलला, आणि शेजारी पाण्याची कुंडी होती, तापलेलं लोखंड विझवायची, तिच्यात सोडून दिला. डुबुक्क झालं. मग त्यानं हात मांडीवर ठेवला.

"बघ!" खोकल्या कुजबुजला. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

"माझं नाही जळत?" ती म्हणाली. पण फाळ पुरा करायचाच होता. तिनं घण उचलला आणि पुढचे घाव तिनं अंदाजानं घातले. खोकल्याच "बास, बास!" ओरडत राहिला. टोक जरा वाकडं आलं. खोकल्यानं ते बघितलं, फाळ खांद्यावर टाकला आणि गेला.

हातोडा कुंडीतच राहिला. तिनं तो काढला नाही, त्यानंही काढ म्हटलं नाही. कोणी लोखंड विझवायला कुंडीत घातलं की तळाशी खट्ट व्हायचं आणि दोघं दोन दिशांना बघायची. दिवस असेच जायला लागले. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ती हात पुसत दारात जायची. दूधवाला असायचा, नाहीतर विटांचा ट्रक. पुन्हा येऊन घण उचलायची, की पुन्हा गाडी. रात्री कूस बदलली की खांदा दुखायचा आणि न बदलली की मन. बाईच्या पायाला भिंगरी लागली होती आणि जायला कुठे जागा नव्हती.

एका दुपारी ती मिस्त्रीला भरवत होती. घास तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली येऊ नये म्हणून तिथे बोट लावावं लागे.

"रागावलात?" तिनं विचारलं.

त्यानं काहीतरी म्हटलं. दुसऱ्या कुणाला ते घरघरीसारखं वाटलं असतं. तिला कळलं. बरोबर बोललीस, असं तो म्हणाला होता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

मग त्यानं तिला थांबवलं. डावा हात उचलून मांडीखाली घातला, त्यावर बसला, आणि तिच्याकडे बघितलं. साहेब आल्यावर असाच ठेवायचा ना?

"हो," ती म्हणाली. "असाच." आणि ताट उचलून आत गेली, कारण तिला तिथे बसवेना.

साहेब आला तो तिनं वाट बघणं सोडलं त्या दिवशी. मोरीत कपडे घासत होती, तेवढ्यात न्हावी खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाचा ब्रश घेऊन पळत आला. मागे अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक. "वहिनी, आले! पुलावर विचारत होते."

साहेब वाईट माणूस नव्हता. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि भट्टीतच एका पेटीवर बसून प्रश्न विचारायला लागला. जेवण हातानं होतं का? नाही. अंघोळ? मी घालते. कपडे? मी. आणि, म्हणजे, बाकीचं? लोहारणीनं न्हाव्याकडे बघितलं. न्हाव्यानं अर्ध्या दाढीवाल्याला बाहेर काढलं. मग ती म्हणाली, "तेही मीच." मिस्त्री मांडीखाली हात घालून बसला होता. त्याची दाढी या वेळी न्हाव्यानं मुद्दाम केली नव्हती.

"मग भट्टी कोण चालवतं?"

"मी."

"एकटी? त्या दिवशी मी स्वतः ऐकलंय बाई."

"आज बघा."

खोकल्याला बोलावणं गेलं होतंच. वाकडं टोक सरळ करायला तो तोच फाळ घेऊन आला. भाता मारला, फाळ तापला, सांडशीनं ऐरणीवर आला. लोहारणीनं घण उचलला.

"कुणी मध्ये बोलायचं नाही," साहेब म्हणाला. "मला फक्त बघू द्या."

तिनं पहिला घाव घातला. दुसरा. खांद्यात कळ आली, ती तिनं गिळली. डोळे मिटायची सवय हाताबरोबर चालली होती आणि कान वाट बघत होते. टिचकी नव्हती. घावामागून घाव पडत होते. लाल फाळ करडा होत आला. खोकल्यानं सांडशी थोडी हलवली, तोंड उघडलं. साहेबानं हात वर केला तसं मिटलं. करडा फाळ काळा पडला. थंड लोखंडावर घण पडला की आवाज बदलतो, कोरडा होतो. तिनं तो ऐकला. पण तो ऐकून थांबणं हे तिचं काम कधीच नव्हतं, आणि तिला भीती होती की मी आपणहून थांबले तर साहेब म्हणेल, झालं एवढंच? तिनं एकदाच डोळे उघडून मिस्त्रीकडे बघितलं. मांडीखालचा हात बाहेर यायला धडपडत होता आणि त्यानं सगळं अंग टाकून तो दाबून धरला होता. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. त्याला दिसत होतं. एक टिचकी दिली असती तर फाळ वाचला असता.

त्यानं दिली नाही. पुढच्या घावाला फाळाचं टोक तडकून उडालं आणि साहेबाच्या बुटाशी जाऊन पडलं.

खोकल्यासुद्धा खोकला नाही. या भट्टीतून तडकलेलं काम कधी बाहेर गेलं नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, साहेब सोडून.

"म्हणजे यांची काही मदत होत नाही," साहेब म्हणाला.

"नाही," लोहारीण म्हणाली.

"तुम्ही सांगा मिस्त्री. तुमच्याकडून काही काम होतं?"

मिस्त्रीनं फाळाच्या तुकड्याकडे बघितलं. मग साहेबाकडे.

"नाही," तो म्हणाला.

लकवा झाल्यापासून त्या तोंडातून स्वच्छ आलेला हा पहिला शब्द होता. न्हाव्यालाही कळला, खोकल्यालाही कळला. इतक्या दिवसांत माणसाला एक शब्द जमावा, तो हाच जमावा?

साहेबानं लिहून घेतलं, टोपण लावलं आणि उठला. "शिफारस करतो. मंजूर होईल. पण एक ध्यानात ठेवा बाई. या रस्त्यानं माझं येणं-जाणं असतं. पुन्हा कधी दोन हातोडे ऐकू आले तर बंद होईल. मग मी काही करू शकणार नाही."

"नाही येणार ऐकू," ती म्हणाली.

न्हावी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला. खोकल्या तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत होता. "असू दे सूनबाई," तो म्हणाला. "जुनाच होता." आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून निघाला.

"मामा, फाळ राहू द्या इथे. मी जोडून देते." तिनं तो परत भट्टीत घातला. पेन्शन मिळणार होती आणि तिला आनंद कुठे सापडत नव्हता. हात काहीतरी केल्याशिवाय राहीनात. भाता मारला. निखारे पेटले. घण पुन्हा उचलायला गेली तर हात कमरेच्या वर येईना. तिनं डाव्या हातानं उजव्याला टेकू दिला आणि उचललाच.

मिस्त्रीनं मांडीखालचा हात काढला. दाबून दाबून तो निळा पडला होता. बोटं हलवून बघितली आणि कुंडीकडे दाखवलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "ऐकलंत ना त्यानं काय सांगितलं?"

त्याचं बोट कुंडीवरून हललं नाही. तिनं घण ठेवला, बाही वर करून पाण्यात हात घातला. तळाच्या राखेत हातोडा सापडला. त्यावर तांबूस गंज धरला होता. तिनं तो फडक्यानं पुसून त्याच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन घण उचलून उभी राहिली, टिचकीची वाट बघत.

मिस्त्रीनं हातोडा नुसत्या ऐरणीवर मारला. टिण्ण.

ती तशीच उभी. "अहो, पण अजून फाळ तापलाही नाही."

त्यानं तिच्या खांद्याकडे बघितलं. त्याला केव्हापासून माहीत होतं कुणास ठाऊक. पुन्हा मारला, या वेळी जरा जोरात. टिण्ण. बास.

तिनं घण भिंतीला टेकवून ठेवला. त्याचा दांडा तिच्या हातांनी काळा गुळगुळीत झाला होता. ती ऐरणीच्या या बाजूला खाली बसली, तो त्या बाजूला ओंडक्यावर होता, आणि तिला जे रडू यायचं होतं ते आलं.

दारात न्हावी धापा टाकत उभा राहिला. "वहिनी, अहो आवाज! गाडी अजून पुलावरच आहे. खाली उतरून उभे आहेत, ऐकतायत!"

लोहारणीनं डाव्या हातानं डोळे पुसले.

"ऐकू दे," ती म्हणाली. "मोजायला सांगा त्याला. एकच आहे."